"दोन बाटल्यांची सोय करून ठेवा"... पण कशासाठी?

ऑपरेशनची तारीख ठरली की नातेवाइकांना हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "दोन बाटल्या रक्ताची सोय करून ठेवा." की लगेच व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज सुरू. कुणी रक्तदात्याला फोन लावतंय, कुणी सॅम्पल घेऊन जिल्ह्याच्या रक्तपेढीकडे गाडी पळवतंय. या सगळ्या धावपळीत एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही: रक्त खरंच लागणार आहे का?

मंडळी, हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. जगभरातले डॉक्टर तो पंचवीस वर्षांपासून स्वतःलाच विचारतायत.

पूर्वी हिमोग्लोबिन 10 च्या खाली गेलं की रक्त चढवायचं, असा जवळपास नियमच होता. 1999 मध्ये कॅनडात अतिदक्षता विभागातल्या 838 रुग्णांवर हा नियम तपासला गेला. एका गटाला 10 च्या खाली गेल्यावर रक्त दिलं, दुसऱ्याला 7 च्या खाली गेल्यावरच. 30 दिवसांत पहिल्या गटातले 23.3 टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्यातले 18.7 टक्के. हा फरक योगायोगाचा असू शकतो, हे मान्य. पण दुपटीहून जास्त रक्त वापरूनही पहिल्या गटाला फायदा झाला नाही, हे महत्त्वाचं.

कुणी म्हणेल, ते अतिदक्षता विभागातलं झालं, ऑपरेशनचं काय? 2011 मध्ये खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या 2,016 वयस्कर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 8 पर्यंत थांबलेले आणि 10 लाच रक्त दिलेले, दोघांची 60 दिवसांनंतरची स्थिती सारखीच. 2017 मध्ये हृदयाच्या ऑपरेशनच्या हजारो रुग्णांतही 7.5 पर्यंत थांबण्यात जास्त धोका दिसला नाही.

म्हणजे रक्त नकोच का? अजिबात नाही! अपघातात, बाळंतपणात धो-धो रक्त जात असेल तर एकेक मिनिट मोलाचं असतं, तिथे आकडे बघत बसायचं नसतं. हार्ट अटॅकच्या रुग्णांवरच्या 2023 च्या अभ्यासात तर जास्त रक्त देण्याकडेच थोडा कल दिसला. म्हणून निर्णय डॉक्टरांचाच. आपण फक्त कारण विचारायचं.

कारण रक्त म्हणजे सलाईन नव्हे. दुसऱ्याच्या शरीराचा जिवंत भाग आपल्यात येतो. रिॲक्शन, फुप्फुसात पाणी, चुकीच्या गटाची पिशवी. धोके कमी आहेत, पण आहेत.

आता आपल्या घरातलं बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54 टक्के महिलांना रक्तक्षय आहे. म्हणजे गर्भपिशवीच्या ऑपरेशनला जाणारी आपली वहिनी, मावशी बऱ्याचदा आधीच कमी हिमोग्लोबिन घेऊन टेबलावर जाते. ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर महिनाभर आधी तपासणी करून लोह का देऊ नये? एका गोळीच्या पाकिटाचं काम आपण आदल्या रात्री बाटलीवर ढकलतो. ऑपरेशनमधला रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे स्वस्त औषधही आहे, 2022 मध्ये साडेनऊ हजार रुग्णांवर ते तपासलं गेलंय.

माझ्या मते जिल्ह्यातल्या प्रत्येक रुग्णालयात तीन गोष्टी व्हायला हव्यात. एक, ठरलेल्या ऑपरेशनआधी हिमोग्लोबिनची तपासणी वेळेत. दोन, रक्तस्राव सुरू नसेल तर एका वेळी एकच पिशवी, मग पुन्हा तपासणी, मग दुसरी. तीन, रक्ताच्या मागणीपत्रावर कारण आणि हिमोग्लोबिनचा आकडा लिहिलेला. यातल्या कशालाही नवी इमारत लागत नाही, की मंत्र्याच्या हस्ते उद्घाटन.

आणि रक्तदान थांबवू नका बरं का! नेत्याच्या वाढदिवसाला एका दिवसात शेकडो पिशव्या जमतात आणि मे महिन्यात रक्तपेढीचा फ्रिज रिकामा. लाल पेशींची पिशवी जास्तीत जास्त 42 दिवस टिकते. त्यापेक्षा शिबिरं वर्षभर विभागून घ्या. विनाकारण न चढवलेली प्रत्येक पिशवी थॅलेसेमियाच्या त्या लेकराला मिळू शकते, ज्याला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच.

पुढच्या वेळी बाटल्यांची चिठ्ठी हातात पडली की नम्रपणे विचारा, "डॉक्टरसाहेब, हिमोग्लोबिन किती आहे? रक्त कशासाठी लागेल?" चांगला डॉक्टर चिडणार नाही, समजावून सांगेल.

तुमचा अनुभव काय? कमेंटमध्ये लिहा. हॉस्पिटलचं नाव नको, गोष्ट सांगा.