संवाद कुणाचे?

शीळफाट्यावर गाड्या खोळंबल्या की कुणी ना कुणी सिनेमातलं बोलू लागतं. गेल्या पावसाळ्यात डोंबिवलीहून पनवेलला निघालो आणि तिथेच तासभर अडकलो. शेजारच्या टेम्पोतल्या एका पोराने दोस्ताकडे उसने पैसे मागितले. दोस्त शांतपणे म्हणाला, "वारले." टेम्पो हसला, आमची गाडीही हसली. संदर्भ कुणालाच विचारावा लागला नाही. 'अशी ही बनवाबनवी' १९८८चा. त्या पोरांचा तेव्हा जन्मही झाला नसेल.

मराठीत माणूस वारतो, जनावर मरतं आणि पैसे बुडतात. संवादलेखक वसंत सबनीसांनी यातलं एक क्रियापद जागचं हलवलं आणि सिनेमातल्या सत्तर रुपयांना माणसाचं मरण दिलं. सिनेमाची गोष्ट हिंदीतल्या 'बीवी और मकान'वरून आलेली, पण हा विनोद मराठीतच होऊ शकतो. तो संवाद म्हणणारे अशोक सराफ सगळ्यांना आठवतात, आणि आठवायलाच हवेत. सबनीसांचं नाव मात्र त्या टेम्पोत कुणी घेतलं नाही.

'सामना'त विजय तेंडुलकरांनी उलटं केलं. दारूत बुडालेला मास्तर हिंदुराव पाटलाला एकच प्रश्न विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं म्हणून. सुरुवातीला ती बेवड्याची बडबड वाटते. शब्द तेच राहतात, पण साखरसम्राट पाटलाला घाम फुटू लागतो. पडद्यावर डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले समोरासमोर होते, हे खरंच. पण त्यांच्या तोंडी द्यायला तो प्रश्न आधी कुणीतरी कागदावर लिहिला होता.

चांगला संवाद कानाने लिहिला जातो, असं आमचं मत आहे. 'सैराट'मधली करमाळ्याकडची बोली भरत मंजुळेंना शब्दकोशात सापडली नसती. 'देऊळ'च्या संवादांसाठी गिरीश कुलकर्णींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही गावच्या पारावरचं बोलणं नीट ऐकल्यामुळेच.

कल्याणच्या रंगमंदिराला आचार्य अत्र्यांचं नाव आहे. लेखकाचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत आपल्या भागात दुसरीकडे क्वचितच दिसतं. म्हणून यंदाचा दिवाळी अंक आम्ही संवादलेखकांना दिला आहे.

दिवाळीच्या सुट्टीत घरी जुना सिनेमा लावाल, तेव्हा सुरुवातीची श्रेयनामावली पुढे पळवू नका. 'संवाद' या शब्दाखालचं नाव पोराबाळांना मोठ्याने वाचून दाखवा.