यंत्राच्या पोटातला आकडा

खानदेशात आखाजीला पत्ते खेळण्याची चाल जुनी आहे. ओट्यावर, निंबाखाली डाव बसतात, झन्नामन्नावर पैसे लागतात. त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. भगवान बुद्धांनी सिगालाला जुगाराचे जे सहा दोष सांगितले, त्यात जुगाऱ्याच्या शब्दाला सभेत किंमत राहत नाही, हा एक आहे. पण त्या डावात पत्ते निदान सर्वांसमोर पिसले जातात, बावन्न पाने मोजून घेता येतात आणि हरलेला पैसा गावातल्याच कुणाच्या तरी खिशात जातो. जळगाव-धुळ्यात आणि तालुक्याच्या गावांत ‘व्हिडिओ गेम’ किंवा ‘ऑनलाइन लॉटरी’ची पाटी लावून पडद्यावर जो आकडा लावला जातो, त्याचे पत्ते कोण पिसतो?

खेळणारा म्हणतो, मशीन भरली आहे, सकाळपासून कुणाला लागले नाही, आता देईलच. हाच त्याचा घात. यंत्राला सकाळ आठवत नाही. आतली चिप अखंड आकडे काढत असते आणि बटण दाबल्या क्षणीच निकाल ठरतो. नंतर फिरणारी चित्रे म्हणजे निव्वळ तमाशा. इंगे टेल्नेस या नॉर्वेजियन गणितज्ञाला १९८४ साली अमेरिकेत ज्या युक्तीचे पेटंट मिळाले, तिने चाकावरची चित्रे आणि चिपमधली घरे यांचा संबंधच तोडला. डोळ्यांना दिसणाऱ्या चाकावर मोठ्या बक्षिसाचे चित्र असते, पण चिपमध्ये त्याच्या वाट्याला घरे अगदी थोडी असतात. ‘एका घराने हुकले’ म्हणून जो हात कपाळावर मारतो, त्याचे ते हुकणे त्या मांडणीतूनच येते.

लावलेल्या शंभर रुपयांतून सरासरी किती परत द्यायचे, हा आकडाही यंत्रात आधीच भरलेला असतो. अमेरिकेत नेवाडा राज्यात तो किमान ७५ आणि न्यू जर्सीत किमान ८३ टक्के असलाच पाहिजे, असा नियम आहे. ९० टक्के परत म्हटले की गिऱ्हाईक खूश होते. आता हिशेब करा. ३०० रुपये मजुरी घेऊन माणूस बसला, दर दाबाला १० रुपये, मिनिटाला सहा दाब. म्हणजे मिनिटाला ६० रुपये लागतात, त्यातले ६ यंत्र ठेवून घेते. सरासरीने ५० मिनिटांत मजुरी संपली. टक्का ७५ असेल तर २० मिनिटांत. मधे दोनदा-तीनदा जिंकल्याचा जो आनंद झाला, तोही याच हिशेबातला. घरी बचत गटाचा हप्ता मागायला बाई बसलेली असते, तिला हा टक्का कोण समजावणार?

बेकायदा मटक्याचा भाव मात्र पोरासोरांना पाठ असतो. एका आकड्याला एकास नऊ. दहा आकड्यांत एक लागणार आणि नऊ पट मिळणार, म्हणजे शंभरातले दहा बुकीचे. चोरीच्या धंद्याचा भाव उघड आणि पाटी लावून बसलेल्या यंत्राचा भाव गुपित, असा हा उलटा न्याय आहे!

त्यात जाळे आले. नेवाडात १९८६ साली ‘मेगाबक्स’ नावाने अनेक कॅसिनोंतली यंत्रे एकमेकांना जोडून सामायिक बक्षीस सुरू झाले. पुढे यंत्राचा टक्का दूरच्या सर्व्हरवरून बदलण्याची सोय झाली. खेळणाऱ्याच्या हाताखालीच तो बदलला जाऊ नये म्हणून तिथे नियम करावा लागला की यंत्र चार मिनिटे रिकामे असल्याशिवाय टक्क्याला हात लावायचा नाही. एवढे करूनही नेवाडाच्या नियंत्रण मंडळाचा रॉन हॅरिस नावाचा कर्मचारीच यंत्रांत लबाडी करताना १९९५ साली पकडला गेला. तपासणारे खाते असलेल्या ठिकाणची ही कथा.

आपल्याकडे २००२ साली सिक्कीम सरकारच्या लॉटरीचे ‘प्लेविन’ उपग्रहाच्या छत्रीवरून गावोगाव पोहोचले. १९९८ च्या लॉटरी कायद्याने एका अंकावर बक्षीस द्यायला बंदी केलेली आहे. तरी शून्य ते नऊ आकड्यांची रौलेट चालतेच. एजंट आयडी आणि पॉइंट देतो, हिशेब रोखीने होतो. कोणत्या आकड्यावर किती पैसे लागले, ते निकालाआधी सर्व्हरला दिसते. ज्याला ते दिसते त्याने कमी पैशांचा आकडा काढायचा ठरवले, तर एकास नऊ या भावाला काय अर्थ उरला? यंत्रात फेरफार करून कसलेल्या खेळाडूलाही गुण मिळवणे जवळपास अशक्य करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या १९९५ च्या निकालात नोंदवलेले आहे.

शासनाचे धोरण विचाराल तर १९७६ साली महाराष्ट्राने कॅसिनो कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ साली मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. कॅसिनो नकोत, हे आम्हाला मान्य आहे. पण पार्लरमधल्या यंत्राला हात लावायला आजही इंग्रजांचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदाच पुढे येतो. तो पत्ते, फासे आणि मटक्याच्या चिठ्ठ्या ओळखतो. धाडीत साधने सापडली की कलम ७ खाली हजर असलेला प्रत्येक जण जुगार खेळायलाच आला होता, असे गृहीत धरले जाते. हमाल, रिक्षावाला, बांधकामावरचा मजूर, वस्तीतला बेकार पोरगा कोर्टात उभा राहतो, एक दिवसाची रोजी बुडू नये म्हणून गुन्हा कबूल करतो, दंड भरतो. त्याच्या नावावर शिक्षा लागते. यंत्र सुपूर्तनाम्यावर सोडवायला मालकाचा वकील हजर असतो. आणि सर्व्हरवाला? त्याचे नावही कागदावर येत नाही.

ज्याला लुटले त्याने फिर्याद द्यावी म्हणाल, तर ती कशी देणार? करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करारच रद्दबातल, म्हणून दिवाणी दावा नाही. पोलिसांत गेला तर आपण तिथे खेळत होतो, हे आधी लिहून द्यावे लागते. फसवणूक करणाऱ्याला याहून सुरक्षित गिऱ्हाईक कुठे मिळेल?

संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यात कौशल्य की नशीब हा जुना घोळ बाजूला ठेवला आहे. पैसे देऊन घेतलेले पॉइंट किंवा टोकन हीसुद्धा बाजीच धरली आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. या कायद्याला न्यायालयात आव्हाने दिली गेली आहेत, आणि मोबाइलवर बंदी आली की गिऱ्हाईक पुन्हा पार्लरकडे वळेल, ही आमची भीती आहे. पण खेळणारा बळी आहे, हे त्यात मान्य झाले. जुगार हा विषय राज्यसूचीतला आहे. मग १८८७ च्या कायद्यात तेवढी दुरुस्ती करायला महाराष्ट्र विधिमंडळाला कोण अडवते?

दुरुस्ती होईल तेव्हा होईल. जळगाव आणि धुळ्याच्या पोलीस अधीक्षकांना आमचे सांगणे त्याआधीचे आहे. धाड पडली की पंचनाम्यात नुसती रोकड आणि ‘एक मशीन’ एवढेच लिहू नका. चिप आणि हार्ड डिस्क सीलबंद करून न्यायसहायक प्रयोगशाळेत पाठवा, आयडी कुणाच्या नावाचा, पॉइंटचे पैसे कोणत्या खात्यात गेले ते शोधा. सापडलेल्या मजुराचा जबाब साक्षीदार म्हणून घ्या. आणि वस्तीतल्या कार्यकर्त्या वकिलांनी ‘कबूल करून मोकळा हो’ असा सल्ला देण्याआधी तपासी अंमलदाराकडे एवढा एकच प्रश्न लेखी विचारावा, की या यंत्राचा टक्का किती आणि तो तपासला कुणी.