लग्नापूर्वींची रक्तपरीक्षा

अलिबागेपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर लग्न ठरलें कीं बस्त्याचा व हळदीच्या रात्रीचा खर्च पैपैचा ठरतो. वधूवरांच्या रक्ताविषयीं मात्र कोणी चकार शब्द काढीत नाहीं! उभयतां सिकलसेलचे वाहक असल्यास प्रत्येक गर्भास तो रोग जडण्याचा संभव शेंकडा २५ असतो, हें कोणत्या पंचांगांत सांपडणार?

सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील शेंकडा ५४ स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. २० ते २४ वयाच्या दर पांच जणींत एकीहून अधिक अठरा पुरीं होण्यापूर्वींच बोहल्यावर चढलेल्या. अशा मुलीचें पहिलें बाळंतपण जोखमीचें ठरल्यास नवल काय?

२०१६ पासून दरमहा ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, हें स्तुत्यच होय. परंतु फॉलिक आम्लाची गोळी गर्भ राहण्यापूर्वीं निदान महिनाभर सुरू व्हावी लागते. दिवस गेल्याचें कळून दिघीची खाडी ओलांडीपर्यंत ती वेळ टळलेली असते.

तपासणीनें लग्नें मोडतील, असा आक्षेप येतो. तो निराधार नाहीं. दोष मुलीच्याच माथीं बसण्याचें भय खरें आहे. म्हणून वराचें रक्त आधीं तपासावें, आणि एकटाच वाहक असल्यास लग्नास बाध नाहीं, हें स्पष्ट सांगावें. साखरपुड्यानंतर आरोग्यसेविकेनें उभयतांस एकत्र बसवून पाळणा लांबविण्याचीं साधनेंही समजवावीं. बस्ता बांधणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंनीं गिऱ्हाइकास एवढी आठवण केली, तर त्यांत त्यांचें कांहीं खर्चत नाहीं.