पलंग पाहायला गेलो

थोरलीचं लग्न ठरलंय. ‘आम्हाला काही नको, मुलीला खुशीनं द्याल ते द्या,’ असा तिकडून निरोप. या वाक्याचा अर्थ भगिनींना मी सांगायला नको! म्हणून रविवारी भर पावसात मुंब्र्याहून अंबरनाथ लोकल पकडली आणि सगळे उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेलो. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं.

एका दुकानात सहारनपूरचा कारागीर भेटला. शीशमच्या पलंगावरची द्राक्षवेल हातानं कोरलेली. त्यानं खण उलटा करून दाखवला: नक्षी पुढून पाहावी, लाकूड मागून. पावसात लाकूड पाणी ओढून फुगतं, खण अडकतो. लगेच रंधा मारू नका, हिवाळ्यात तोच खण ढिला होईल, म्हणाला. कोपऱ्यात रेहल होती. एकाच फळीतून कापलेली, खिळा नाही, जोड नाही, तरी उघडते. अम्मी ती कितीतरी वेळ उघडत-मिटत राहिल्या.

पलंगाची किंमत ऐकून यांनी हप्ते विचारले. तेव्हा थोरली बोलली, “अब्बा, त्यांची खोली दहा बाय बारा. हप्तेच भरायचे तर माझ्या बी.एड.च्या फीचे भरा.”

हे गप्प. अम्मी म्हणाल्या, “पोरगी बरोबर बोलते.”

रेहल घेतली, पलंग राहिला. तिकडे फोन करायचा आहे. हे म्हणतात, तू कर.