डुकरासाठी कोणती बंदूक?



नाचणी-वरईत दाणा भरायला लागला की आपल्या कर्जत-खालापूरच्या डोंगरकडेच्या वाड्यांत एकच बोलणं असतं. डुक्कर. दिवसभर दळीवर राबायचं आणि रात्री माळ्यावर बसून डबा बडवायचा. एक रात्र डोळा लागला तर कळप सगळं लोळवून जातो. गेल्या बैठकीत पोरांनी विचारलं, फार्महाउसवाल्या शेठकडे रिव्हॉल्व्हर असतं, मग आपण का नाय घ्यायचं? आणि घ्यायचं तर पॉइंट ३२ घ्यायचं का त्याहून मोठं? काही जण हसले. हसायचं कारण नव्हतं. रात्री रानात एकटा बसतो त्यालाच हा प्रश्न पडतो.

आम्ही चौकशी केली. ९ एमएम सामान्य माणसाला कायद्यानेच बंद, ते पोलीस-लष्कराचं. शेठलोक कमरेला लावतात ते बहुतेक पॉइंट ३२. त्याची गोळी हलकी, नळी वीतभरही नाही. अंधारात पळत्या डुकराला त्याने नेमकं मारणं कसलेल्या माणसालाही अवघड. मोठ्या नराच्या खांद्यावरची कातडी किती चिवट असते ते आपल्याला कोणी शिकवायला नको. नुसतं जखमी झालेलं डुक्कर अंगावर येतं. रिव्हॉल्व्हर माणसावर चालवायला केलेलं आहे, डुकरावर नाही. किमतीचं तर बोलूच नका.

पिकाच्या राखणीसाठी कायद्याने वेगळी बंदूक सांगितली आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये ठासणीच्या बंदुकीचं नाव घेऊन लिहिलंय. ती पुरी पडत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते, नळी २० इंचांपेक्षा आखूड नको. ठासणीचे दोष आम्हाला माहीत आहेत. एक बार उडाला की पुन्हा दारू ठासेपर्यंत कळप बांध ओलांडून जातो. दारू भिजली तर हातात नुसती काठी, आणि डुक्कर येतं तेही पाऊस सरता सरता. तरी तिचा आवाज मोठा, आणि हुसकायला आवाजच लागतो. निवडायचीच तर आमचं मत ठासणीला.

परवाना मिळाला म्हंजे शिकारीला मोकळीक नाय. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कलम ११ आहे. जीव वाचवताना जनावर मेलं तर गुन्हा नाही, पण ते जनावर सरकारचं. त्याचे वाटे घातले की फसलात. नुसतं पीक खाल्लं म्हणून मारायचं तर आधी लेखी परवानगी लागते.

गावठी बॉम्ब आणि विजेची तार या दोन गोष्टी आपल्या वाडीत कोणी करत असेल तर त्याला आजच थांबवा. पिठाच्या गोळ्यातली दारू डुकराने खाण्याआधी बैल खाईल, नाहीतर शेळ्यांमागे गेलेलं पोर उचलेल. तारेला तर रात्री पाणी बघायला गेलेला घरचाच माणूस चिकटतो.

आता मुख्य अडचण. आमच्यातले दोघे परवान्याची चौकशी करायला एका कचेरीत गेले. कारकुनाने मान वर न करता विचारलं, सातबारा? दळी आजोबांपासून कसतो म्हटलं. तो म्हणाला, सातबारा वनखात्याचा, मग पीक तुमचं कसं? डुक्कर आमचं पीक खातं, पण कागदावर तिथे शेतच नाही. शेठच्या बंगल्याभोवती खायला नुसतं गवत, त्याच्याकडे मात्र सातबारा आहे.

आपल्या लोकांनी बंदूक पाहिली ती बहुतेक समोरूनच. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात नाग्या महादू कातकरी गोळीने पडला, तेव्हाही भांडण जंगलाचंच होतं.

म्हणून बंदुकीच्या अर्जाआधी दळीचा अर्ज. पुढच्या बैठकीला येताना दळीचा जुना कागद आणि वनखात्याने दंड घेतल्याच्या पावत्या आणा. पावती भिजली असेल, फाटली असेल, तरी आणा, फेकू नका. तोवर राखण पाळीने करू. एका माळ्यावर दोघे, एकाने झोपायचं, एकाने जागायचं. पाळी लावायला प्रत्येक वाडीतून दोन नावं पाठवा, बायकांचीही.