नफा आहे, पण पैसे कुठायत?

कॉलेजपासूनचा माझा एक दोस्त दिवाळीच्या गिफ्ट हॅम्पर्सचा बिझनेस करतो. सुकामेवा, पणत्या, डायऱ्या, सगळं कंपन्यांना. परवा त्याने ऑफर दिली, 'पाच लाख टाक, पार्टनर हो.' सोबत वर्षाचा हिशेब. नफा आठ लाख! माझ्या डोळ्यांपुढे लगेच राजीनाम्याचा मेल तरळला.

मग ताळेबंदाचं पान उलटलं. बँकेत शिल्लक चाळीस हजार.

'अरे, आठ लाख गेले कुठे?'

'येतील ना यार. बिलं गेलीयत सगळी.'

आता, एवढ्यावरून त्याला लबाड म्हणू नका. माल दिला, बिल पाठवलं की विक्री झाली. पैसे नंतर येईनात का. खर्चाचंही तसंच. मार्चचं भाडं एप्रिलमध्ये दिलं तरी ते मार्चचंच. याला म्हणतात ॲक्रूअल. आपल्या सीए मंडळींच्या संस्थेच्या, म्हणजे आयसीएआयच्या, पहिल्याच स्टँडर्डमध्ये, एएस 1 मध्ये, तीन गोष्टी गृहीत धरल्यात : धंदा चालू राहणार, पद्धत दरवर्षी तीच राहणार, आणि हे ॲक्रूअल. पाळलं तर वेगळं सांगायची गरज नाही. नाही पाळलं तर मात्र जाहीर करायचं!

घोळ पुढे होता. साहेबांनी पुढच्या दिवाळीचा दोन लाखांचा ॲडव्हान्सही विक्रीत धरला होता. माल अजून द्यायचाय, म्हणजे ते उत्पन्न नाही, देणं आहे. शिवाय तीन लाखांची उधारी अशा कंपनीकडे, जिच्या ऑफिसला सहा महिने कुलूप आहे. इथे प्रुडन्स आडवा येतो : नफ्याची नुसती आशा हिशेबात धरायची नाही, पण नुकसान दिसत असेल तर ते आजच मांडायचं. आठातून पाच गेले. उरले तीन.

मी बँकेचं स्टेटमेंटही मागितलं.

'माझ्यावर विश्वास नाही तुझा?'

मी 'सत्यम'चा विषय काढला. 7 जानेवारी 2009 ला रामलिंग राजूंनी स्वतःच पत्रात कबूल केलं की, ताळेबंदात दाखवलेल्या 5,361 कोटींच्या रोख आणि बँक शिल्लकीपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नव्हते. ऑडिट होऊनसुद्धा!

'म्हणजे मी राजू?' फोन कट.

उगाच बोललो, असं वाटत राहिलं. पंधरा वर्षांची दोस्ती, आणि मी त्याची कागदपत्रं तपासतोय. पण पाच लाख म्हणजे माझी चार वर्षांची बचत आहे हो.

तीन दिवसांनी मेल आला. मजकूर काहीच नाही, फक्त स्टेटमेंट. चाळीस हजार पै न् पै जुळले. मी लिहिलं, 'उधारीची यादी तारखांसकट आण, नफा तीन लाख धरून बोलू.'

उत्तर आलं, 'शनिवारी. नेहमीच्याच जागी.'

मागच्या कॉफीचे पैसे मीच त्याला देणं लागतो.