नेट गेलं? आधी टेबलाखाली बघा

क्लास असो, सोसायटीचं ऑफिस असो, की सीएकडचे आठ-दहा कॉम्प्युटर. सगळ्यांचं नेट एकदम बसलं की पहिला फोन नेटवाल्याला जातो. खुशाल करा. पण तो येईपर्यंत टेबलाखालच्या नेटवर्क स्विचकडे, म्हणजे सगळ्या वायरी जिथे येतात त्या डब्याकडे, वाकून बघा. सगळ्या पोर्टांचे दिवे एकदमच, क्षणभरही न थांबता लुकलुकत असतील, तर बिघाड बहुधा बाहेरच्या लाइनमध्ये नाही, तुमच्याच खोलीत आहे.

होतं काय, की झाडताना कुणाला लोंबती वायर दिसते आणि तो ती मोकळ्या पोर्टात खोचून देतो. तिचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये असतं. कॉम्प्युटरला एखाद्या मशीनचा ठिकाणा हवा असला की तो सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतो. तिला ब्रॉडकास्ट म्हणतात. आलेलं पोर्ट सोडून बाकी सगळीकडे ती पोचवणं हे स्विचचं कामच. वायरींचा फेरा झाला की तीच हाक फिरून परत येते, आणि स्विच ती पुन्हा सगळीकडे पाठवतो. आयपी पॅकेटवर किती टप्पे जायचं याची मर्यादा लिहिलेली असते; इथरनेटच्या फ्रेमवर तसं काहीच नसतं. म्हणून ती हाक फिरतच राहते, आणि राउटर बंद-चालू करून उपयोग होत नाही. फेरा तसाच राहतो.

यावर रेडिया पर्लमन यांनी 1985 साली तोड काढली: स्पॅनिंग ट्री. जादा वाट ओळखून ती बंद ठेवायची. साध्या, स्वस्त स्विचमध्ये ही सोय सहसा नसते. आणि असली म्हणून निर्धास्त राहू नका. नोव्हेंबर 2002 मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाचं नेटवर्क स्पॅनिंग ट्रीच्याच गोंधळाने काही दिवस कोलमडलं, आणि सगळा कारभार कागदावर आला.

तेव्हा एकेक वायर काढा, दिव्यांकडे बघत थोडं थांबा. जी काढल्यावर दिवे शांत होतील तिचं दुसरं टोक शोधा. वायफाय आणि वायर दोन्ही जोडून मध्ये ‘ब्रिज’ केलेला लॅपटॉपही असाच फेरा घडवू शकतो, त्यालाही तपासा.

उलटी तक्रारही येते: नेट आहे, पण मोबाइलला प्रिंटर दिसत नाही. तिथे बहुतेक वेळा कुणीतरी दुसरा राउटर आणून त्याच्या वॅन पोर्टात वायर घातलेली असते. राउटर ब्रॉडकास्ट पलीकडे जाऊ देत नाही, म्हणून मोबाइलची हाक प्रिंटरपर्यंत पोचत नाही. त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. तो मोड नसेल तर त्याचा आयपी पत्ता मुख्य राउटरहून वेगळा ठेवा, डीएचसीपी बंद करा आणि वायर लॅन पोर्टात लावा. मोबाइल ‘गेस्ट’ वायफायवर असेल तर मात्र प्रिंटर दिसणारच नाही. ती सोय त्यासाठीच असते.

आणि आज ऑफिस बंद करण्याआधी प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी चिकटवा, झाडणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवा: सुटी वायर दिसली तर खोचू नका, आधी विचारा.